लांछन कोणाचे?

मराठीत 'लांछन' हा शब्द आज एकाच अर्थाने चालतो. कुळाला लांछन लागते, नावाला लांछन लागते, पदाला लांछन लागते. संस्कृतातून हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा मात्र त्याचा साधा अर्थ 'खूण' असा होता. चंद्रावर सशासारखी आकृती दिसते म्हणून चंद्र शशलांछन. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती चेहऱ्या-मोहऱ्याने सारख्याच असतात. कोणती कोणाची हे पीठावरच्या लांछनावरून ओळखायचे. बैल असला तर ऋषभनाथ, सर्प असला तर पार्श्वनाथ, सिंह असला तर महावीर. विष्णूच्या छातीवर श्रीवत्सलांछन आहे. भृगू ऋषींनी मारलेल्या लाथेची ती खूण देवाने दागिन्यासारखी मिरवली, असे आपले कीर्तनकार सांगत आले आहेत.

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो वैद्यकातला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानातल्या क्षुद्ररोगांच्या अध्यायात, अंगावर जन्मतः असलेल्या काळ्या किंवा पांढऱ्या, सपाट चकत्याला 'लांछन' म्हटले आहे. म्हणजे आज आपण ज्याला जन्मखूण म्हणतो, जुन्या बायका ज्याला 'लासे' म्हणत, तेच हे. वैद्याच्या यादीतला एक निरुपद्रवी शब्द बदनामीचा शब्द कसा झाला, याचा भाषिक इतिहास मी सांगणार नाही. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. ज्यांच्या अंगावर हे लांछन फार मोठे असते, पाठभर, मांडीभर, अर्ध्या चेहऱ्याएवढे, त्यांच्या बाबतीत माणसांनी हजार-दीड हजार वर्षे दोन प्रश्न विचारले : हे कोणामुळे झाले, आणि हे घालवायचे कसे? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत कशी गुंतत गेली, तेवढेच मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

लहान खुणेचे नशीब पहिल्यापासून बरे आहे. महाभारतातल्या नलोपाख्यानात दमयंतीचा शोध घेत सुदेव नावाचा ब्राह्मण चेदी देशात पोहोचतो. मळलेल्या, कृश झालेल्या दासीला तो ओळखतो ते तिच्या भुवयांमधल्या जन्मजात तिळावरून. मळाखाली झाकलेला तो तीळ पुसून काढल्यावर राजमातेलाही ओळख पटते, कारण ती दमयंतीची सख्खी मावशीच असते. तीळ ही तिथे सौभाग्याची खूण आहे. सामुद्रिकात तीळ कुठे असला म्हणजे धनलाभ आणि कुठे असला म्हणजे प्रवास, याची मोजदाद आहे. हिंदी चित्रपटांत जत्रेत हरवलेले भाऊ दंडावरच्या खुणेवरून भेटतात. पण खूण वाटाण्याएवढी असते तोवरच हे सारे. ती हातभर झाली की तिला शुभ म्हणणारे शास्त्र सापडत नाही.

वैद्यकाने मात्र मोठ्या डागाला जागा दिली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला तेरावा अध्याय क्षुद्ररोगांचा आहे. त्यात 'न्यच्छ' या नावाखाली अंगावरचे मोठे किंवा लहान, काळसर किंवा पांढरे, जन्मापासून असलेले आणि न दुखणारे मंडल सांगितले आहे. 'जतुमणि' हा वेगळा : तोही जन्मजात, पण किंचित तांबूस, गुळगुळीत आणि वर आलेला. तीळ आणि मस यांनाही वेगवेगळी नावे आहेत. चिकित्सास्थानात या भेदाला अर्थ येतो. जतुमणि, मस, तीळ यांसारखे वर आलेले छोटे विकार शस्त्राने खरवडून क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू जाळावेत. न्यच्छासारख्या पसरट डागाला मात्र शिरेतून रक्त काढणे, घासणे आणि लेप लावणे एवढेच. मोठा डाग कापून काढू नये असे सुश्रुताने शब्दांत म्हटलेले नाही, पण त्यावर शस्त्र चालवायलाही सांगितलेले नाही. माझ्या वाचनात मला ही गोष्ट सर्वांत अर्थपूर्ण वाटली, कारण पुढच्या काळात हा संयम फार थोड्यांनी पाळला.

येथे एक खुलासा करतो. जन्मतः असणारे मोठे डाग मुख्यतः दोन जातींचे. एक काळा किंवा तपकिरी. त्यात त्वचेला रंग देणाऱ्या पेशींची गर्दी झालेली असते, त्यावर पुष्कळदा केस असतात आणि भोवती लहान-मोठे उपडाग विखुरलेले असतात. दुसरा तांबडा, द्राक्षासवाच्या रंगाचा. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. काळ्या जन्मखुणा लहान आकारात शंभरातल्या साधारण एका बाळाला असतात. मोठ्या वयात २० सेंटिमीटरच्या पुढे जातील अशा, म्हणजे नवजात बाळाच्या धडावर साधारण ६ सेंटिमीटरच्या पुढच्या, खुणा सुमारे २० हजार जन्मांत एक एवढ्या विरळ आहेत. विरळ म्हणायचे खरे, पण भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्माला येतात. त्या हिशेबाने दरवर्षी आपल्या देशात हजाराच्या आसपास घरांत हा प्रश्न विचारला जात असणार : हे कोणामुळे झाले?

त्याचे उत्तर जगभर एकच दिले गेले. आईमुळे.

यासाठी ग्रंथ चाळण्याची गरज नाही, युरोपातल्या भाषा पाहिल्या तरी पुरे. जर्मन भाषेत जन्मखुणेला मुटरमाल म्हणतात, म्हणजे 'आईची खूण'. डच आणि डॅनिश भाषांतही शब्द आईवरूनच आहे. फ्रेंचमध्ये आँव्ही, इटालियनमध्ये व्होल्या, स्पॅनिशमध्ये आंतोहो. या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ इच्छा, वासना. थोडक्यात डोहाळे. गरोदर बाईला स्ट्रॉबेरी खावीशी वाटली, मिळाली नाही, तिने गालाला हात लावला, आणि बाळाच्या गालावर तांबडा डाग उमटला, अशी ही समजूत. आपला 'डोहाळे' शब्द 'दोहद'वरून आला. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणी दोन हृदयांची होते आणि तिच्या इच्छा या गर्भाच्याही इच्छा असतात, असे सुश्रुत सांगतो. त्या पुरवल्या नाहीत तर कुबडे, पांगळे, ठेंगणे, डोळ्यांत दोष असलेले मूल होते, हेही सांगतो. हा विचार मायेचा आहे, बाईला हवे ते द्या असे घरच्यांना बजावणारा आहे. पण मूल व्यंग घेऊन जन्मले की त्याच विचाराची दुसरी बाजू पुढे येते. मग विचारतात, तुला काय खावेसे वाटले होते? तू काय पाहिलेस?

सोळाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये माँतेन्य आणि शल्यवैद्य आंब्रुआझ पारे या दोघांनीही एक गोष्ट नोंदवली आहे. पिसा शहराजवळची, सर्वांगावर केस असलेली एक मुलगी बोहेमियाच्या राजापुढे आणली गेली. तिच्या आईने सांगितले, माझ्या बिछान्यावर संत जॉनचे केसाळ कातडे पांघरलेले चित्र टांगलेले होते, ते पाहत राहिल्यामुळे असे झाले. त्या मुलीला नेमके काय होते हे आज सांगता येणार नाही. पण खुलासा कोणाकडे मागितला गेला, हे स्पष्ट आहे. आईने दिलेला खुलासा खरा मानून दोन शतके तो ग्रंथांतून फिरत राहिला.

या समजुतीवर पहिला मोठा हल्ला लंडनमध्ये झाला. १७१४ साली डॅनियल टर्नर या वैद्याने त्वचारोगांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्वचेच्या रोगांना वाहिलेला इंग्रजीतला हा पहिला ग्रंथ समजला जातो. त्यात त्याने आईच्या कल्पनाशक्तीमुळे बाळावर डाग उमटतात हे गृहीत धरून एक अख्खे प्रकरण लिहिले. १७२६ मध्ये गोडाल्मिंगच्या मेरी टॉफ्ट नावाच्या बाईने आपण सशांना जन्म देत आहोत असा दावा केला, नावाजलेल्या डॉक्टरांनी तो खरा मानला, आणि थोड्याच दिवसांत सारी लबाडी उघडी पडली. पुढच्याच वर्षी जेम्स ब्लाँडेल या फ्रेंच वंशाच्या वैद्याने पुस्तिका काढून, डाग आणि व्यंगे आईच्या कल्पनेतून उपजतात हा लोकभ्रम असल्याचे मथळ्यातच जाहीर केले. अनुभव, तर्क आणि शरीररचना या तिन्ही अंगांनी त्याने युक्तिवाद केला. टर्नरने उत्तर दिले, ब्लाँडेलने प्रत्युत्तर दिले. वाद काही वर्षे चालला, आणि ब्लाँडेलचा युक्तिवाद सरस असूनही समजूत हटली नाही. कारण त्याच्यापाशी दुसरे उत्तर नव्हते. आईमुळे नाही, तर मग कोणामुळे? ही रिकामी जागा पुढे जवळपास तीनशे वर्षे तशीच राहिली, आणि त्या काळात आई दोषी ठरतच राहिली.

आपल्याकडे डोहाळ्यांपेक्षा ग्रहणाचा दोष जास्त चालला. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरायचे नाही, कापायचे नाही, शिवायचे नाही, आडवे व्हायचे नाही. बाळाचा ओठ फाटलेला असो, कानाची पाळी तुटकी असो की अंगावर डाग असो, ग्रहण पाळले नाही एवढे म्हटले की चौकशी संपते. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशी भर दुपारी शहरांतले रस्ते ओस पडले होते आणि दूरदर्शनने त्या वेळेत चित्रपट दाखवला होता, हे माझ्या पिढीला आठवत असेल.

या विषयाकडे मी वळलो तो आमच्याच घरामुळे. माझ्या धाकट्या आत्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत काळा, केसाळ डाग आहे आणि हातापायांवर त्याचे पंधरा-वीस उपडाग आहेत. तिचा जन्म डिसेंबर १९५५ चा. आजीला चौथा महिना लागला होता तेव्हा, २० जूनला, सूर्यग्रहण झाले. आपल्याकडे ते खंडग्रास होते. त्या सकाळी आजीने विळीवर भोपळा चिरला होता, असे तिच्या सासूबाईंनी बाळाची पाठ पाहताक्षणी जाहीर केले. आजीने तो भोपळा खरोखर चिरला होता की नाही हे मला कधी कळले नाही. तिने नाकारले नाही एवढे खरे. पुढे आयुष्यभर तिने भोपळा घरात आणला नाही, आणि आत्याचे प्रत्येक स्थळ मोडले की त्या दिवशी ती जेवत नसे.

मी पंचांगे आणि ग्रहणांच्या सारण्या घेऊन बसलो तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. २० जून १९५५ चे ग्रहण हे विसाव्या शतकातले सर्वांत दीर्घ खग्रास सूर्यग्रहण होते. सिंहल द्वीपापासून फिलिपाइन्सपर्यंत ते खग्रास दिसले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्या शतकातले सर्वांत दीर्घ कंकणाकृती ग्रहण झाले. या दोन दिवशी आशियात लाखो बायका गरोदर असणार, आणि त्यांतल्या हजारोंनी भाज्या चिरल्या असणार. त्यांची बाळे काळी पाठ घेऊन जन्मली नाहीत. दुसरे म्हणजे ग्रहणांचा हंगाम साधारण पावणेसहा महिन्यांनी येतोच, आणि प्रत्येक हंगामात किमान एक सूर्यग्रहण आणि एक चंद्रग्रहण, मग ते छायाकल्प का असेना, होतेच होते. नऊ महिन्यांचे कोणतेही गरोदरपण घ्या, त्यात पृथ्वीवर कुठे ना कुठे ग्रहण सापडणारच. तेव्हा दोष ठेवायचाच असेल तर तारीख कधीच कमी पडत नाही.

आत्याच्या डागावर उपचारही झाले. ती सात वर्षांची असताना गावात येणाऱ्या एका वैदूने डागाच्या कडेला बिब्बा घातला. फोड आले, महिनाभर चिघळले, आणि आज काळ्या डागाच्या कडेला तळहाताएवढा पांढुरका व्रण आहे. खाज, कोरडेपणा, जरा घासले की सोलणारी कातडी, उन्हाळ्यात बंद गळ्याचे पोलके, हे तिचे रोजचे जगणे. ती शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिच्या शाळेच्या अर्जात 'ओळखचिन्ह' या रकान्यात 'मानेवर काळा डाग' असे लिहिलेले आहे. सरकारला जे दिसायला हवे होते तेच समाजाला झाकलेले हवे होते. एकदा ती मला म्हणाली, "माझी पाठ मला कुठे दिसते रे? ती आईला दिसायची."

वैदूच्या बिब्ब्याला हसण्याआधी त्याच काळातल्या आणि त्याआधीच्या नामांकित वैद्यकाने काय केले तेही पाहायला हवे. १८४३ मध्ये अमेरिकन लेखक नॅथॅनियल हॉथॉर्नने एक कथा लिहिली. तिच्यातला शास्त्रज्ञ नवरा सुंदर बायकोच्या गालावरची हाताच्या आकाराची छोटी खूण सहन करू शकत नाही. तो औषध बनवतो, खूण जाते, आणि तिच्याबरोबर बायकोही जाते. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत या कथेसारख्या गोष्टी प्रत्यक्षात घडल्या. मरण सहसा आले नाही, पण किंमत पुष्कळ मोजावी लागली.

क्ष-किरणांचा शोध नोव्हेंबर १८९५ चा. वर्षभरातच, नोव्हेंबर १८९६ मध्ये, व्हिएन्नातल्या लिओपोल्ड फ्रॉइंड या तरुण डॉक्टरकडे पाच वर्षांची एक मुलगी आली. तिच्या पाठीवर मोठा केसाळ काळा डाग होता. क्ष-किरणांवर काम करणाऱ्या एका अमेरिकन माणसाचे केस गळाल्याची बातमी फ्रॉइंडने वाचली होती. रुग्णालयात यंत्र नव्हते, म्हणून त्याने तिला योझेफ मारिया एडरच्या छायाचित्रण-संस्थेत नेले आणि दिवसामागून दिवस, तासनतास तिच्या पाठीवर क्ष-किरण सोडले. केस गळाले. प्रयोग यशस्वी झाला असे १८९७ मध्ये छापूनही आले. पण पाठीच्या खालच्या भागावर खोल जखम झाली, ती फार काळ भरली नाही. रोगावर किरणोपचार करण्याच्या इतिहासातली ही पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते. म्हणजे आज कर्करोगाच्या रुग्णाला ज्या उपचाराने जीवदान मिळते, त्याची सुरुवात एका लहान मुलीच्या निरुपद्रवी डागावर झाली. सत्तर वर्षांनंतर, १९६६ मध्ये, व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी तिची पुन्हा तपासणी करून लेख लिहिला. ती तेव्हा म्हातारी झाली होती, तिला मुलगा होता, प्रकृती एकंदरीत बरी होती. फक्त कमरेवर किरणांचा व्रण होता, मणके ठिसूळ झाले होते आणि पाठ वाकली होती. स्वतः फ्रॉइंडला १९३८ मध्ये ज्यू म्हणून व्हिएन्ना सोडावे लागले. तो १९४३ मध्ये ब्रुसेल्समध्ये वारला.

पुढचा नंबर थंडीचा. १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम पुसी याने घन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ, डागांवर दाबून धरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याचे पहिले गाजलेले यश म्हणजे एका लहान मुलीच्या चेहऱ्यावरचा मोठा केसाळ काळा डाग. तांबड्या डागांवर पुढे थोरियमसारखी किरणोत्सारी द्रव्ये फासली गेली. त्याचे दुष्परिणाम दशकांनी दिसले. नव्या शतकाच्या हाती जे जे नवे साधन आले ते ते प्रथम कुठे वापरावे, असा प्रश्न पडला की डाग समोर असायचा. त्याने माणूस मरत नव्हता, तो दिसत होता, आणि घरचे लोक काहीही करायला तयार होते. या सगळ्यांपेक्षा निरुपद्रवी वाट दाखवली ती लिडिया ओलिअरी या अमेरिकन बाईने. तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर जन्मतः तांबडा डाग होता. १९२८ मध्ये तिने डाग पूर्ण झाकणारे दाट प्रसाधन तयार केले. झाकायचे की नाही हे रोज सकाळी ठरवता येते आणि रात्री धुऊन टाकता येते, हा त्याचा गुण.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात मात्र आपला, अगदी पुण्याचा, दुवा आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसवले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह हकिकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसेच नाक केले. शेजारची जिवंत कातडी, तिचा रक्तपुरवठा न तोडता, सरकवून आणायची हे तत्त्व तिथून युरोपात रुजले. १८६९ मध्ये रेव्हेर्दँ आणि १८७४ मध्ये टिर्श यांनी दुसरीकडची पातळ कातडी काढून चिकटवण्याची पद्धत दिली. पण पाठभर डागाला पुरेल एवढी कातडी आणायची कुठून? चार्ल्स न्यूमनने १९५७ मध्ये कातडीखाली रबरी फुगा ठेवून ती ताणून वाढवता येते हे दाखवले आणि १९७० च्या दशकात रॅडोव्हनने सिलिकॉनची पिशवी वापरून ही रीत व्यवहारात आणली. निरोगी कातडीखाली रिकामी पिशवी ठेवतात, दर आठवड्याला तिच्यात थोडे मिठाचे पाणी भरतात, दोन-तीन महिन्यांत कातडी वाढते, मग डाग कापून ती त्यावर ओढून घेतात. गरोदर बाईच्या पोटावरची कातडी जशी वाढते तशीच ही. मोठ्या डागाला अशा अनेक फेऱ्या लागतात, आणि मुलाचे बालपण रुग्णालयाच्या वाऱ्या करण्यात जाते.

तांबड्या डागाला १९८० च्या दशकात खरा उपाय मिळाला. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार योग्य रंगाचा प्रकाश अत्यंत थोडा वेळ सोडला तर फक्त रक्तवाहिन्या तापतात आणि भोवतालची कातडी वाचते. त्यावर आधारलेला लेझर आज लहान मुलांवरही वापरतात. डाग पुष्कळ फिकटतो, नेहमी पूर्ण जात नाही. काळ्या मोठ्या डागाला हे लागू पडत नाही. त्याच्या पेशी त्वचेच्या तळापर्यंत, कधी चरबीत आणि स्नायूतही उतरलेल्या असतात. वरचा थर घासला किंवा जाळला तरी खालून रंग परत येतो.

मग कापायचेच कशाला? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याचे उत्तर होते : कर्करोग होऊ नये म्हणून. मोठ्या डागात मेलानोमा हा घातक कर्करोग होण्याचे प्रमाण जुन्या अंदाजांत पुष्कळ जास्त धरले जाई. आज ते साधारण २ ते ५ टक्के मानतात, आणि अतिशय मोठ्या, अनेक उपडाग असलेल्या प्रकारांत धोका अधिक असतो. हा कर्करोग काही वेळा कातडीत नसून मेंदूच्या आवरणात होतो, कारण रंगपेशींचे तसेच पुंजके तिथेही असू शकतात. रोकिटान्स्कीने १८६१ मध्येच हे पाहिले होते. म्हणून पाठ सोलून काढली तरी धोका संपत नाही, आणि शस्त्रक्रियेने तो निश्चित कमी होतो असे सिद्धही झालेले नाही. त्यामुळे आज उपडाग पुष्कळ असलेल्या बाळाचा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदूचा एमआरआय काढणे, डागात गाठ येते का हे हाताने चाचपत राहणे, उन्हापासून जपणे, आणि शस्त्रक्रिया करायची तर ती दिसण्यासाठी किंवा त्रास कमी करण्यासाठी आहे हे घरच्यांना स्पष्ट सांगणे, अशी रीत पडत आहे. काही डाग वयाबरोबर आपोआप फिकटतात, हेही आता मोजमाप ठेवून कळले आहे. सुश्रुताने मोठ्या डागापुढे शस्त्र खाली ठेवले होते. आजचा डॉक्टर ते उचलण्याआधी निदान विचार करतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर २०१३ मध्ये मिळाले. १९८७ मध्ये रुडॉल्फ हाप्ले या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने एक तर्क मांडला होता : काही जनुकबदल इतके घातक असतात की ते सर्व पेशींत असते तर गर्भ जगलाच नसता, ते फक्त शरीराच्या एखाद्या भागात असतील तरच बाळ जन्माला येते. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मोठ्या काळ्या डागांत, आणि त्याच मुलांच्या मेंदूतल्या पुंजक्यांतही, एनरास या जनुकातला एकच बदल शोधून काढला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांना तांबड्या डागांत जीएनएक्यू या जनुकातला बदल सापडला. दोन्हीकडे निष्कर्ष एक. बदल आईकडून आला नव्हता, वडिलांकडूनही नाही. गर्भधारणेनंतर, वाढत्या गर्भातल्या एका पेशीचे विभाजन होताना नक्कल उतरवण्यात एक अक्षर चुकले. त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशींत ते चुकलेले अक्षर राहिले. चूक जितक्या लवकर झाली तितका डाग मोठा. पेशी विभागताना अशा चुका प्रत्येकाच्या शरीरात सतत होत असतात. ही एक चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी झाली एवढेच. आईने काय खाल्ले, काय पाहिले, काय चिरले, याचा तिथे संबंध नाही.

ब्लाँडेलपाशी जे नव्हते ते हे. कोणामुळे, या प्रश्नाला आता 'कोणामुळेही नाही' असे पुराव्यासह उत्तर देता येते. या जनुकबदलावर नेमकी चालणारी औषधे अजून चाचणीच्या टप्प्यावर आहेत, आणि त्यांतून काय निघेल हे यथावकाश कळेल. पण त्या शोधातून एक उपचार आजच, फुकट आणि कोणत्याही खेड्यात करता येतो. हे संशोधन मी आत्याला समजावून सांगितले तेव्हा तिने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "आईला हे कोणी सांगितलं असतं का रे?" आजी १९९१ मध्ये गेली. शोध बावीस वर्षे उशिरा लागला होता.

बाळ जन्मल्यावर त्याच्या अंगावर मोठा डाग दिसला की बाळंतिणीच्या खाटेभोवती चार-पाच माणसे जमतात. त्यांतले कोणी तरी काही तरी बोलतेच, आणि पहिल्या तासात बोललेले ते एक वाक्य पन्नास वर्षे टिकते, असे मी या विषयावर वाचलेल्या जुन्या-नव्या हकिकतींवरून म्हणू शकतो. डागाचे नाव काय, त्यावर पुढे काय करायचे, हे सांगायला डॉक्टरांना सवड मिळते. पण 'बाई, यात तुमचे काही चुकले नाही' हे वाक्य त्यांनी त्याआधी, आणि सासर-माहेरच्या सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणायला हवे. वाग्भटाने लांछन हा शब्द डागासाठी वापरला होता. तो आईला लावण्याचे काम पुढच्या माणसांनी केले, आणि ते उतरवणेही माणसांनाच करावे लागेल.